जिवंत माणसाचा वाटा

जावयाने सासूच्या दारात पाऊल टाकलं की आधी सलाम करायचा असतो. तिलेकने आधी भिंतीचा फोटो काढला.

आणि भिंत तरी कुठली? कुलुइपाने ह्याच उन्हाळ्यात समोर उभं राहून चुना मारून घेतलेली बैठकीची नव्हे. मेंढरांच्या गोठ्याची, मागची, पोपडे सुटलेली, जिला टेकून हिवाळ्याच्या गोवऱ्या रचून ठेवतात ती. राजधानीहून, बिश्केकहून, सहा तास गाडी हाकत आलेला माणूस उतरतो काय, बुटांना शेण लागू नये म्हणून बगळ्यासारखा पाय उचलत गोठ्यामागे जातो काय, आणि डोळ्यांपुढे फोन धरून उभा राहतो काय! कुलुइपा खिडकीतून बघत होती. शेजारच्या दोकनच्या बायकोनेही बघितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने बघितल्यातच जमा.

"आपा, कशा आहात? गुरंढोरं बरी ना?" तिलेक आत येऊन म्हणाला. आईला, आजीला, सासूला इथे आपाच म्हणत.

"गुरं बरी आहेत. आत्ता त्यांनाच भेटून आलास की."

तो हसला. हे त्याचं आणखी एक. काहीही बोला, हसायचा. तिच्या धाकट्या लेकीला, बाक्तीगुलला, ह्याच्या घरी देऊन अकरा वर्षं झाली होती, पण अकरा वर्षांत ह्याला राग आलेला कुलुइपाने पाहिला नव्हता, आणि ज्याला रागच येत नाही अशा माणसावर तिचा विश्वास नव्हता. साय वाटीत घेऊन पावाला लावायची सोडून चमच्याने ओरपायचा. हाताला घट्टा म्हणून नाही. लेकीचा संसार चाललाय ना, मग आपण जीभ चावून बसावं, असं ती दर खेपेला ठरवायची आणि दर खेपेला जीभ थोडी सुटायची.

ह्याचा धंदा काय म्हणून कोणी विचारलं तर सांगायची पंचाईत. तो अर्ज लिहायचा. परक्या मुलखातल्या पैशावर चालणाऱ्या संस्था राजधानीत रगड, आणि त्यांना काय वाचायला आवडतं ते तिलेकला बरोबर ठाऊक. कुठल्या गावाला नळ, कुठल्या विधवेला शिलाईचं यंत्र, कुठल्या पोराला शाळेचे पैसे. ह्याने कागद रंगवायचे, त्यांनी पैसे सोडायचे, आणि मध्ये ह्याचा हात ओला.

आणि असल्या माणसाला ह्या वेळी तिनेच बोलावून घेतलं होतं. खरी टोचणी ती होती.

बेगाइमसाठी बोलावलं होतं. बेगाइम म्हणजे थोरल्या मुलाची, अझामतची, एकुलती एक. पोरीची आई बारा वर्षांपूर्वी दुखण्याने गेली. बाप मॉस्कोला एका गोदामात माल उतरवतो, दर रविवारी फोन करतो, जमेल तसे पैसे धाडतो. पोर आजीच्या हाताखाली वाढली, बिश्केकला जाऊन पाण्याचं शास्त्र शिकली, आणि आता तिला त्याच्याही पुढची, दोन वर्षांची मोठी शाळा करायची होती. डोंगरावरचा बर्फ किती वितळतो, नदीला किती येतो, पुढे किती उरेल, ते म्हणे तिथे शिकवतात. कुलुइपा चौथीपर्यंत शिकलेली. नंतर बापाबरोबर कुरणावर मेंढ्यांमागे गेली ती गेलीच. पण बर्फाचं गणित कोणीतरी मांडायला हवं, हे तिला पटलं होतं. तिच्या लहानपणी समोरच्या डोंगराची पांढरी टोपी भर उन्हाळ्यातही कानापर्यंत असायची. आता टाळूवर राहिली होती.

प्रवेश मिळाला. पैशाचं काय?

सरकारी जागा चार होत्या. पोर सहावी आली. फी भरून शिकायचं तर घोडी विकावी लागली असती, आणि त्या घोडीच्या आंबवलेल्या दुधावर, कुमिसवर, उन्हाळाभर घर चालायचं. बँकेतही कुलुइपा गेली होती. तिथला माणूस इतका गोड बोलला की ती मध्येच उठून आली. एक वाट जिल्ह्याच्या पाण्याच्या खात्याची होती: ते दोन्ही वर्षांची फी भरतात, पण शिकून झालं की तीन वर्षं इथेच, ह्याच जिल्ह्यात, त्यांच्याकडे काम करायचं. त्यावर बेगाइमने नाक मुरडलं होतं. "तीन वर्षं इथल्याच नाल्यात काठ्या रोवत फिरू? माझ्या वर्गातल्या मुली जर्मनीला चालल्यात, आपा."

उरली ती तिलेकने शोधलेली संस्था. फी तर फी, वर राहण्या-खाण्याचे दरमहा पैसे.

"ही संस्था गुण देते, आपा," चहाचा प्याला फुंकत तिलेक म्हणाला. "मार्कांचे वेगळे. गरिबीचे तीस. खेड्यातली मुलगी, त्याचे दहा. आई नाही, त्याचे पंधरा."

"आई नाही त्याचे पंधरा," कुलुइपा म्हणाली. "आणि ती गेली तेव्हा ही पोर तीन दिवस तोंडात घास न घेता बसली होती, त्याचे किती?"

"ते पत्रात लिहायचं. पत्राचे निराळे वीस." त्याला टोमणा कळला नव्हता. कळला असेल तर त्याने तो पत्रात घालण्यासाठी ठेवून घेतला होता. "तीन दिवस म्हणालात ना? छान आहे ते."

छान! कुलुइपाला सायीच्या भांड्यात बुडालेला उंदीर दिसावा तसं झालं. पण समोर बेगाइम बसली होती, कान टवकारून, गालांवर रंग चढलेला. कुलुइपा गप्प राहिली. पुढे जे झालं त्याची सुरुवात ह्या गप्प बसण्यात होती, हे तिला नंतर कळलं.

"आज अर्ज धाडला की शनिवारी संस्थेच्या बाई घर बघायला येणार," तिलेक सांगू लागला. "सगळं त्या एका दिवसावर आहे. हे जमिनीवरचे शिर्दाक उचला. भिंतीवरचा गालिचा उतरवा. दूध काढायचं यंत्र, टीव्ही, ही काचेची भांडी, सगळं शेजारी ठेवा. कानातली चांदीही काढा, आपा."

"कानातली सासूने स्वतःच्या हाताने घातलीत. मातीत माझ्याबरोबर जातील."

"एकच दिवस, आपा. आणि हो, मेंढी कापायची नाही. चहा, पाव, बस्स. मेंढी कापणाऱ्या घराला गरिबीचे गुण कोण देईल?"

"सहा तासांचा घाट उतरून आलेल्या पाहुण्याला नुसता पाव?"

"पाहुण्या नाहीत त्या. तपासायला येताहेत."

"माझ्या दारातून आत येतो तो पाहुणा," ती म्हणाली.

मग बेगाइमने तिचा हात धरला. "आपा, एकच दिवस." पोरीची बोटं थंडगार होती.

शुक्रवारी कुलुइपाने शिर्दाक गुंडाळले. लोकर कुटून, रंगवून, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी टाका टाका शिवलेले ते गालिचे. एकेकाला एकेक हिवाळा गेला होता. खांद्यावर घालून ती कुंपणापलीकडे गेली.

"काय कुलुइपा, सामान निघालं कुठे?" दोकनच्या बायकोने विचारलं. "म्हातारपणी नवरा केलास की काय?"

"कसर लागलीय. जरा तुझ्याकडे उन्हात टाकते."

आणि लगेच तिची मान खाली गेली. चाळीस वर्षांत तिच्या लोकरीला कसर लागली नव्हती. अख्ख्या गावात तीच एक बाई होती जी दुसऱ्यांच्या घरी जाऊन, तुझ्या गालिच्याला कसर लागलीय, असं सांगून यायची. चांदीची कानातली तिने काढली आणि पिठाच्या डब्यात खुपसली. आरशात कान बघितले. भोकं लोंबत होती, म्हाताऱ्या शेळीसारखी.

शनिवारी दुपारी गाडी आली. तिलेक सकाळपासून फाटकाशी उभा होता. गाडी थांबायच्या आत तो धावला, मागचं दार उघडलं, आणि आतल्या बाईशी बराच वेळ कुजबुजला. बाईने आधी घराकडे पाहिलं, मग कुलुइपाकडे, आणि तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी मऊ आलं. हे कसलं मऊ, कुलुइपाला कळेना. गरिबीला बघून शहरातल्या बाईचे डोळे असेच होत असतील, असं समजून तिने दात आवळले.

बाईचं नाव चिनारा. चाळिशीची, चष्मा, हातात निळी फाईल, पायांत साधे, सपाट बूट. बोलायलाही सरळ. तिच्याबरोबर गाडी चालवणारा म्हातारा होता, शारशेन. पांढरी दाढी, डोक्यावर उंच पांढरा कल्पाक. त्याने छातीवर हात ठेवून सलाम केला, आत आला, आणि उघड्या जमिनीवर टाकलेल्या एकुलत्या गोधडीवर बसला. बसताना त्याचे दोन्ही गुडघे वाजले.

कुलुइपाने चहा ओतला. पाव ठेवला. साय नाही, लोणी नाही, जॅम नाही. तिचे हात पुनःपुन्हा फळीकडे जायचे आणि रिकामे परत यायचे.

शारशेनने पाव मोडला, तुकडा आदराने तोंडात घातला आणि सावकाश चावला. "चांगला भाजलाय, बाई," तो म्हणाला. "माझी आई असा भाजायची."

बस्स. एवढ्यानेच झालं. कोरडा पाव दिला म्हणून त्याने तोंड वाकडं केलं असतं तर तिला निभावता आलं असतं. पहाटेपासून घाटात गाडी हाकलेला, दाढी पिकलेला माणूस तिच्या घरात कोरडा पाव खातो आणि वर त्याची तारीफ करतो! ती उठली.

"कुठे, आपा?" तिलेकने पटकन विचारलं.

"चुलीत घालायला गोवऱ्या आणते."

गोठ्यापाशी जाऊन तिने कुंपणावरून हाक मारली. "दोकन! सुरी घेऊन ये."

"कोण आलंय?"

"पाहुणे."

ह्याहून जास्त काही सांगायची गरज नव्हती. कुलुइपाने कळपातला सगळ्यांत लठ्ठ मेंढा निवडला, ज्याची शेपटी चरबीने परातीएवढी झाली होती. हिवाळ्यासाठी राखला होता तो. शिंगाला धरून तिने त्याला ओढत अंगणातून दारापर्यंत आणला आणि दार सताड उघडलं.

"अक्साकल," ती पांढऱ्या दाढीच्या शारशेनला म्हणाली, "दुआ द्या."

तिलेकचा चेहरा दुधावरची साय फाटावी तसा फाटला. "आपा, हे काय... ही शेजाऱ्यांची मेंढी आहे, चिनाराताई, शेजारी फार चांगले आहेत इथले..."

"तू बस."

कापायच्या आधी जनावर पाहुण्याला दाखवायचं आणि पाहुण्याने घराला दुआ द्यायची, ह्यात शारशेनला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर उलट सुटल्यासारखं हसू आलं. आपण नक्की कुठल्या घरात आलो, असं इतका वेळ त्यालाही वाटत असणार. तो गुडघ्यांवर सावरून बसला, दोन्ही तळहात वर केले. चिनाराने केले, बेगाइमने केले. तिलेकनेही केले, करतो काय?

"ह्या गोठ्यात मेंढरं मावेनाशी होवोत," शारशेन खर्जात म्हणू लागला. "ह्या धुराड्यातला धूर कधी न थांबो. ह्या घरची सून अकाली गेली, तिच्या कबरीत उजेड राहो. ह्या घरचा मुलगा अझामत भर उमेदीत तिच्या मागोमाग गेला, परक्या मातीत पडला, त्यालाही स्वर्गात जागा मिळो. मागे राहिलेल्या म्हातारीला आणि पोरक्या लेकराला देव बळ देवो. ओमीन."

"ओमीन," सगळे म्हणाले आणि तळहात चेहऱ्यावरून फिरवले.

कुलुइपाचा हात हवेतच राहिला. दुसरा मेंढ्याच्या शिंगावर होता.

"कोण गेला म्हणालात?"

मेंढा एकदा ओरडला.

"कोण गेला, अक्साकल?"

म्हातारा गोंधळून चिनाराकडे बघू लागला. चिनाराने चष्मा काढला. "माफ करा, आपा. तुमच्या जावयांनी गाडीपाशीच बजावलं होतं, मुलाचा विषय तुमच्यापुढे काढायचा नाही. तुमचं काळीज कमजोर आहे म्हणाले. मी शारशेन काकांना सांगायचं विसरले."

"सांगितलं असतं तरी काय?" म्हातारा पुटपुटला. "मेलेल्याचं नाव गाळून दुआ द्यायची कशी?"

"माझं काळीज!" कुलुइपा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तो चढला नाही ह्याचीच बेगाइमला भीती वाटली. "माझा अझामत गेल्या रविवारी माझ्याशी बोलला. मॉस्कोत गारठा पडलाय म्हणाला. नवे बूट घेतले म्हणाला, एक नंबर मोठे, आत लोकरीचे मोजे घालता यावेत म्हणून. मेलेली माणसं बूट घेतात का, पोरी?"

चिनाराने निळी फाईल उघडली. एक पान काढलं, वाचलं, परत वाचलं. "इथे लिहिलंय, आई आणि वडील दोघंही हयात नाहीत. वडिलांच्या मृत्यूचा दाखला रशियाहून यायचा आहे."

"आपा, आत चला, मी नीट समजावतो," तिलेक उठून आला. आता तो हसत नव्हता, पण रागावलेलाही नव्हता. बाजारात वासरात खोट काढणाऱ्याशी बोलावं तसं समजुतीने बोलत होता. "एक चौकोन असतो तो. त्यात खूण करायची. एक पालक नसला तर पंधरा गुण, दोघं नसले तर चाळीस. पोरगी पाच गुणांनी मागे राहत होती. अझामत भाऊंना काय धाड भरलीय? चौकोनातल्या खुणेने कोणी मरतं का? सगळेच करतात."

"वसंतात तोकमोकहून एक अर्ज आला होता," चिनारा एकाएकी म्हणाली. ती तिलेकच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "त्यातही आईमागे उपाशी बसलेली मुलगी होती. आणि आंधळी आजी. तो तुम्हीच लिहिलात का?"

तिलेकने खिशातला फोन काढला आणि त्यात काहीतरी फार महत्त्वाचं आल्यासारखं बघू लागला.

पण कुलुइपा त्याच्याकडे बघत नव्हती. ती बेगाइमकडे बघत होती. "तुला ठाऊक होतं?"

पोरीची हनुवटी छातीला टेकली. "सही केल्यावर वाचलं. त्यांनी अर्ज धाडून दिला होता." मग अगदी हळू, "मला वाटलं, बाबांना कळणारच नाही."

कुलुइपाने शिंग घट्ट धरलं. ह्या पोरीच्या केसांत तिने शाळा संपेपर्यंत वेण्या घातल्या होत्या. ह्या पोरीला ताप आला की बाप तिकडून रात्रपाळी सोडून फोन धरून बसायचा. त्याला हिने चौकोनात पुरलं आणि वर कळणार नाही म्हणते! किळस आली. आधी जावयाची, मग पोरीची, आणि मग पिठाच्या डब्यात लपवलेल्या चांदीची आठवण झाली तेव्हा स्वतःची.

"अक्साकल," ती म्हणाली. "हात पुन्हा वर करा. ही दुआ ह्या जनावरावर राहू द्यायची नाही. जिवंत माणसासाठी मेलेल्याची दुआ मागितली गेलीय. परत घ्या."

शारशेन उठून दारात आला. हे कधी त्याने केलं नव्हतं, पण काय करायला हवं ते त्याला लगेच उमगलं. त्याने कल्पाक नीट केला, तळहात वर केले. "जिभेकडून चूक झाली, ती वाऱ्याने उडवून न्यावी. ह्या घरचा अझामत जिवंत आहे. शंभर वर्षं राहो. त्याच्या नव्या बुटांचे तळ झिजोत, पण ते ह्या दाराकडे चालत येऊन झिजोत. ओमीन."

"ओमीन," कुलुइपा म्हणाली, आणि मगच मेंढा दोकनच्या हाती दिला. "आणि बायकोला सांग, माझे शिर्दाक परत आण. कसर नव्हती लागलेली."

"तिला माहीतच होतं," दोकन म्हणाला.

मांस शिजायला तीन तास. तेवढ्यात शिर्दाक पसरले गेले, गालिचा भिंतीवर चढला, फळीवरून साय, लोणी, मध, सुक्या दह्याचे गोळे आणि पिठाचे तळलेले बोरसोक जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर आले, आणि कुलुइपाने कानातली पीठ झटकून कानांत घातली. चिनारा एका कोपऱ्यात फाईल मांडीवर घेऊन बसली होती.

"आपा, मी जे पाहिलं ते मला लिहावं लागेल. अर्ज रद्द होईल."

"लिही, पोरी. मेंढा केवढा होता तेही लिही."

बेगाइम स्वयंपाकघरात पातेल्यावरचा फेस काढत होती. कुलुइपा मागून आली तसा तिने डाव पातेल्याच्या काठावर आपटला. "झालं ना समाधान? तुमच्या मानापायी माझी दोन वर्षं गेली. साधा चहा पाजला असता तर काय बिघडलं असतं? एक दिवस गप्प बसवलं नाही तुम्हाला!"

कुलुइपा लाकडी पाटावर बसली.

"गप्प बसले होते," ती म्हणाली. "तुझ्या आईच्या मरणाला त्याने पंधरा गुण लावले तेव्हा मी गप्प बसले. तिथेच त्याला कळलं, की ही म्हातारी पंधराला गप्प बसते, म्हणजे चाळीसलाही बसेल. शिर्दाक मीच गुंडाळून नेले ना? म्हणून तुला एकटीला नाही बोलत मी. पण तुझी दोन वर्षं गेली, हे खरं आहे. माझ्यामुळे गेली. घोडी विकते. पहिल्या वर्षाचं भागेल."

"घोडी नाही विकायची."

"मग?"

बेगाइम बराच वेळ फेस काढत राहिली. काढण्यासारखा फेस उरला नव्हता. "पाण्याच्या खात्याचा कागद माझ्या पिशवीत आहे," ती शेवटी म्हणाली. "सोमवारपर्यंत मुदत आहे. त्यात बापाचा चौकोन नाही. नुसतं नाव, मार्क, आणि तीन वर्षं इथे राहीन म्हणून सही."

"तीन वर्षं नाल्यात काठ्या रोवत फिरायचं."

"हो."

"रोव. इथला बर्फ जर्मनीच्या बर्फापेक्षा हलका आहे का?"

पोर हसली नाही. तिने डोळे पुसले, धुरामुळे असेल किंवा नसेल. "उद्या फोन आला की बाबांना मीच सांगणार. तुम्ही सांगायचं नाही."

"मी कशाला सांगू? माझी जीभ मला तिलेकसाठी हवीय."

मांस आलं. मोठ्या परातीतून वाफ उठली. कुलुइपाने सुरी घेतली आणि वाटे करायला बसली; तिच्या घरात वाटे तीच करायची, नवरा होता तेव्हाही. डोकं शारशेनपुढे. त्याने कान कापून बेगाइमला दिला, लहानांनी नीट ऐकावं म्हणून देतात तसा. शेपटीकडचं चरबीचं मांस चिनारापुढे. "नको आपा, मी तर तुमचा अर्ज..." "खा. अर्ज निराळा, पाहुणी निराळी." दोकनला मांडीचं हाड. मग एक नळीचं हाड तिने स्वच्छ फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं. तो अझामतचा वाटा. सात वर्षं प्रत्येक मेंढीतून ती तो काढून ठेवायची, मीठ लावून सुकवायची, आणि कोणी मॉस्कोला निघालं की त्याच्या हाती धाडायची.

आता परातीत छातीचं मांस उरलं. तो जावयाचा मान. घरोघर तसंच आहे. पोरांनाही ठाऊक असतं. तिलेक दिवसभरात जे झालं ते जणू घाटात पडलेल्या पावसासारखं मागे टाकून आला होता. शारशेनशी गाडीच्या टायरांवर गप्पा मारत होता. त्याने बाह्याही वर सारल्या.

कुलुइपाने छातीचं मांस उचललं. फडकं पुन्हा सोडलं, ते अझामतच्या हाडाशेजारी ठेवलं आणि गाठ मारली. मग पावाची एक कोरडी चतकोर घेतली, तिलेकपुढे ठेवली आणि त्याच्या प्याल्यात चहा ओतला.

शारशेनने हातातला घास खाली ठेवला.

"आपा," तिलेक म्हणाला, आणि त्याला पुन्हा ते हसू आणायचं होतं, पण ते अर्ध्यावर अडकलं. "पाहुण्यांसमोर..."

"पाहुण्यांसमोरच," कुलुइपा म्हणाली. "तूच सांगितलं होतंस ना, चहा, पाव, बस्स? ऐक आता, तिलेक. मी तुला घराबाहेर काढत नाही; माझी लेक तुझ्या घरात आहे. येत जा, बसत जा, शिर्दाकवर बस, साय चमच्याने खा. पण चौथी शिकलेल्या बाईलाही चाळिसातून पंधरा वजा करता येतात. पंचवीस उरतात. पंचवीस गुणांना तू माझा मुलगा मारलास. म्हणून माझ्या परातीतला तुझा वाटा आजपासून बंद. ज्या दिवशी अझामत ते नवे बूट घालून ह्या दारातून आत येईल, आणि तू त्याच्या तोंडावर सांगशील की मी तुला किती गुणांना पुरलं होतं, त्या दिवशी तो जेवढं मांस तुझ्यापुढे टाकील तेवढं खा. तोवर पाव खा. चांगला भाजलाय."